न धुतलेली लोकर

मोहिनी बोरस्ते यांच्या घरात माणशी जेवढे स्वेटर आहेत तेवढे काश्मिरातही नसतील. नाशिकची थंडी दोन महिन्यांची, त्यातली नाव घेण्यासारखी पंधरा दिवसांची. तरी त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे वाल्मीकरावांकडे, चौदा स्वेटर आहेत आणि ते सगळे त्यांनी आळीपाळीनं घालावेत अशी घरात अपेक्षा आहे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढल्यामुळे अपेक्षांच्या शेजारी शांतपणे बसून राहायची वाल्मीकरावांना सवय आहे.

बाईंना हा नाद लागला तो डी.एड.ला असताना. तिथं टकळीवर सूत कातायचा तास असायचा. बाकीच्या मुलींनी तो परीक्षेपुरता केला, ह्यांच्या बोटांना तो चिकटला. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं, आधी पेठ तालुक्यात, मग दिंडोरीत, मधल्या सुट्टीत त्यांची टकळी फिरत राहिली. निवृत्तीनंतर सुताचं समाधान पुरेना, तेव्हा लोकर आली. दिवाळीनंतर म्हसरूळच्या मोकळ्या रानांत मेंढ्यांचे कळप उतरतात. बाई स्कूटरवर रिकामी गोणी टाकून जातात आणि भरलेली घेऊन येतात. मग बाल्कनीत बसून त्या लोकरीतलं गोखरू वेचायचं, लेंड्या झटकायच्या, रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, विंचरायची आणि मग कातायची. चार दिवस घराला असा वास येतो की पाहुणे चहा दारातच पितात.

"त्यापेक्षा मेंढीच आणू," वाल्मीकराव म्हणतात. "निदान दूध तरी मिळेल."

"दुधाचं तुम्ही बघणार असाल तर आणू," बाई म्हणतात, आणि विषय संपतो.

पण घराला लागणारी सगळी लोकर काही कातून होत नाही. बाकीची उसवून मिळते. जुना स्वेटर कुणी दिला की बाई शिवणी सोडवतात, टोक शोधतात आणि ओढायला लागतात. कुरकुर असा बारीक आवाज करत स्वेटर ओळीमागून ओळ खाली येतो. जी लोकर निघते ती सरळ नसते. नूडल्ससारखी वळ्यावळ्यांची असते, कारण इतकी वर्षं ती टाक्यांत वाकून बसलेली असते. तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन लावून दोन दिवस टांगायची. मग वळ्या जातात. तोवर ती लोकर सुईवर चढवायची नाही. बुधवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बाईंचा अकरा बायकांचा विणकामाचा वर्ग भरतो, तिथं हा नियम त्या सर्वांना सांगतात आणि तो न पाळणाऱ्यांना शाळेतल्यासारखं बोलतात.

उसवायला येणारे स्वेटर बहुतेक करून मेलेल्या माणसांचे असतात. यात काही गूढ नाही. जिवंत माणूस आपला स्वेटर देत नाही, एवढंच. बाई देवभोळ्या नाहीत. गेलेल्या माणसाचे कपडे लोक नदीवर नेऊन कुणाला तरी देतात, पण स्वेटर कपाटात राहतो आणि पाच-सहा महिन्यांनी बाईंच्या दारात येतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात असाच एक राखाडी स्वेटर आला. आणला भागीबाई खैरनारांनी. त्या तळमजल्यावर राहतात, वय बहात्तर. त्यांचे मालक दत्तूभाऊ जूनमध्ये गेले होते.

दत्तूभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते कर्ण्यावरून सांगितलं. माणूस सटाण्याकडचा, घरात अहिराणी, बाहेर मोजकं मराठी. निवृत्तीनंतरची सतरा वर्षं ते रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर येत, डाव्या हाताची बाही मागं सारून घड्याळ बघत, पाच वीस झाले की मान हलवत आणि मग दहा मिनिटं बसून घरी जात. पाच वीसला काय होतं हे कुणी विचारलं नाही. एकदा कुठल्याशा पोरानं विचारलं तर म्हणाले, "सटाणा." स्वेटर त्यांच्या अंगावर दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत असे. असे एकोणीस हिवाळे. डावा खांदा जरा उतरता होता, त्यामुळे स्वेटरही तिकडं लोंबायचा.

"उसवून टाका," भागीबाई म्हणाल्या. "कोणी बी घालून फिरलेलं मला नाय बघवायचं. कशात बी लावून टाका थोडी थोडी."

बाईंनी तो त्याच दिवशी उसवला, गोळे केले आणि धुवायच्या टोपलीत ठेवले.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आलं. मोहिनीबाईंची नात मैना पाच वर्षांची, सिनियर केजीत. नाव वाल्मीकरावांच्या आईचं. सुनेला, हर्षालीला, ते पसंत नव्हतं, पण नवरा, म्हणजे संतोष, चाकणच्या कंपनीत, घरी फक्त शनिवारी; मतदान शुक्रवारी झालं. तर सोमवारी सकाळी ग्रुपवर मेसेज आला की मैना हत्ती आहे आणि शुक्रवारी सकाळी नऊला हत्ती हजर पाहिजे.

घरात लोकर असताना विकत आणणं बाईंना जमत नाही. हाताने कातलेली लोकर काळी होती आणि टोचत होती. राखाडी एकच होती. ती धुवायला, टांगायला, सुकवायला तीन दिवस गेले असते आणि हातात चारच होते. बाईंनी टोपलीतून गोळे काढले आणि तसेच सुईवर चढवले. आयुष्यात पहिल्यांदा. वर्गातल्या बायकांना हे कळू नये म्हणून त्या आठवड्यात बुधवारचा वर्ग सर्दीमुळे रद्द झाला.

स्वेटर गुरुवारी संध्याकाळी झाला. टोपी, टोपीला दोन कान. दिसायला बरा होता, पण पाठीवर मधोमध दोन फुगवटे आले होते.

"हे काय आहे आई?" हर्षालीनं विचारलं.

"कोपरं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती लोकर तिथली आहे. घातला की बसेल."

हत्ती चांगला झाला. शनिवारी कान काढून टाकले. मैनानं स्वेटर काढला नाही. पोरांना एखादा कपडा आवडतो, त्यात कुणाला काही वाटलं नाही.

मंगळवारी वॉचमन जिन्यावरून वर आला. गोटीराम त्याचं नाव, सुरगाण्याचा, कमी बोलणारा. "मैनाताई खाली गेटवर उभी हाय," तो म्हणाला. "चल म्हटलं तर येत नाय. गाडीची वाट बघते म्हणे."

बाई खाली गेल्या. मैना बाकावर बसली होती, पाय जमिनीला न पोचता. तिनं डावी बाही मागं सारली, रिकाम्या मनगटाकडं पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी आपल्या घड्याळात पाहिलं. केजीत अजून फक्त पूर्ण वाजलेले तास शिकवले होते. पाच वीस झाले होते.

"योगायोग," बाई वाल्मीकरावांना म्हणाल्या.

"हो ना," वाल्मीकराव म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी आपणहून अंगातला स्वेटर काढून ठेवला.

बुधवारी तिनं दूध बशीत मागितलं आणि फुंकर घालून प्यायली. गुरुवारी ती हॉलमधून चालत गेली तेव्हा डावा खांदा उतरलेला होता. शुक्रवारी भाजी निवडणाऱ्या आईसमोर उभी राहून तिनं विचारलं, "गाडी उनी का?" म्हणजे आली का. बोरस्त्यांच्या सात पिढ्यांत कुणी अहिराणी बोललेलं नाही. हर्षाली ओझरची. दत्तूभाऊ जिवंत असताना मैनाशी बोलले असतील तर दोन वेळा, आणि तेही बाकावरून सरकायला सांगण्यापुरतं.

हर्षालीनं स्वेटर काढला. मैना थरथरायला लागली, ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. दहा मिनिटांनी थांबली, डोळे चोळले आणि भूक लागली म्हणाली. पुन्हा आपली मैना. सकाळी शाळेच्या आधी तिनं कपाटापुढं ठाण मांडलं. हात लावला तर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडलीच नाही. नुसती बसून राहिली, म्हाताऱ्या माणसासारखी, गुडघ्यांवर हात ठेवून. शेवटी स्वेटर द्यावा लागला.

बाई शिक्षिका होत्या. त्यांनी वही घेतली. स्वेटर काढल्यापासून मैना परत यायला किती वेळ लागतो ते लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पंचवीस. मग पाऊण तास. दुसऱ्या रविवारी सकाळी आंघोळीला काढला, तर मैना दुपारच्या जेवणानंतर परत आली. वही तिथं थांबते. पुढच्या आकड्यासाठी त्यांनी रकाना आखला होता, भरला नाही.

या सगळ्यात एक माणूस मात्र सुधारत चाललं होतं. भागीबाई. जूनपासून त्यांचं जेवण सुटलं होतं, साड्या अंगावर राहीनात. आता त्या पाचला बाकावर येऊन बसत. हातात किटली आणि बशी. मैना येऊन शेजारी बसे. दोघी बोलत. गोटीराम म्हणतो, म्हातारी हसायची पण. एकदा त्यानं ऐकलं. मैनानं विचारलं, "तू जेवनी का?" आणि भागीबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "जेवनू ना."

सोमवारी सकाळी हर्षाली मैनाला शाळेसाठी उठवायला गेली. स्वेटर रात्रभर अंगात होता. मैना आधीच उठून कॉटच्या कडेला बसली होती. हर्षालीनं हाक मारली, "मैना." मान वळली नाही. पुन्हा मारली. मग मैनानं तिच्याकडं पाहिलं, नीट, अनोळखी माणसाकडं बघतात तसं, आणि फार अदबीनं विचारलं, "बाई, कुठं जायचंय तुम्हाला?"

हर्षाली स्वयंपाकघरात आली आणि सासूला म्हणाली, "जाळून टाका तो."

"जाळायचा नाही."

"मग मी जाळते."

"हर्षाली, ऐक. आता तो जाळला तर त्यातलं कोण जाईल आणि कोण राहील, तुला माहीत आहे? मला नाही. उसवायचा. माझ्या हातानं चुकलंय तिथपर्यंत मागं जायचं." बाईंचा आवाज वर्गातला होता.

आधी त्या तळमजल्यावर गेल्या. भागीबाई चहा करत होत्या, दोन माणसांचा.

"वहिनी, स्वेटर आज उसवते आहे."

भागीबाईंनी गॅस बारीक केला. "आठ दिवस थांबा."

"आज तिनं आईला विचारलं, बाई कुठं जायचंय."

"ते तसंच बोलायचे," भागीबाई म्हणाल्या. आवाजात जरा अभिमान होता. "परक्या बाईसंगं लय नीट बोलायचे. स्टँडवर कोणी तक्रार नाय केली त्यांची कधी."

"ती परकी नाही. आई आहे तिची."

भागीबाईंनी बशी पुसून ओट्यावर ठेवली. चहा उकळत राहिला.

"बावन्न वर्सं झाली लग्नाला," त्या शेवटी म्हणाल्या. "बावन्न वर्सांत चहा दे अन् येतो, एवढंच बोलणं. आता कुठं बोलाया लागले."

"काय बोलतात?"

"गाड्यांचंच. कोणती कुठून निघाली, कोणती कुठं बंद पडली." भागीबाईंनी चहा गाळला. "पण मला सांगतात ना."

बाई दाराकडं वळल्या. त्या म्हणाल्या, "पोर पाच वर्षांची आहे, वहिनी. तिला अजून तिचंच काही बोलायचं आहे."

दुपारी दोन वाजता दारावर टकटक झाली. भागीबाई. "लडी धराया कोणी लागत असंल ना," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन खाली बसल्या.

मैनाच्या अंगातून स्वेटर काढला तेव्हा ती थरथरली नाही. हे जास्त वाईट होतं. ती खुर्चीत बसून राहिली, खांदा उतरलेला, नजर दाराकडं. हर्षालीनं तिच्याभोवती शाल गुंडाळली आणि तिच्या पायाशी बसली. बाईंनी टोपीच्या टोकाची गाठ कापली. भागीबाईंनी दोन्ही हात पुढं केले, तळवे समोरासमोर, आणि बाई ओढायला लागल्या.

कुरकुर करत ओळी उतरायला लागल्या. भागीबाईंच्या हातांवर वेढे चढत गेले. पहिली बाही संपली तेव्हा मैना बोलली. आवाज तिचाच, पोरीचा, पण सूर कर्ण्यावरचा, शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणारा.

"वणी."

बाई ओढत राहिल्या. दुसरी बाही गेली.

"कळवण."

पाठीचा भाग लागला. फुगवट्यांपाशी धागा अडला, बाईंना सुईच्या टोकानं तो सोडवावा लागला. तिथली लोकर इतकी वळलेली होती की भागीबाईंच्या मनगटावर ती आपोआप गुंडाळली गेली. वाल्मीकराव दारात उभे होते. ते आत आले नाहीत आणि बाहेरही गेले नाहीत.

"देवळा," मैना म्हणाली. या वेळी फार हळू.

शेवटच्या चार ओळी राहिल्या. तीन. भागीबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटचा टाका सुटला, टोक बाईंच्या बोटांतून निसटून भागीबाईंच्या मांडीवर पडलं.

"गाडी निंघनी," मैना म्हणाली.

मग सगळे मैनाच्या तोंडाकडं बघत थांबले. वहीत हा वेळ नोंदलेला नाही. हर्षालीनं हाक मारली, "मैना." काही नाही. "मैना." खांदा आधी वर आला. मग मान वळली. तिनं आईकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, हात पुढं करून बसलेल्या भागीबाईंकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आई, मला शू आलीय."

हर्षाली तिला उचलून आत घेऊन गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भागीबाईंचे हात अजून तसेच होते. "धुवू नका," त्या म्हणाल्या. "मला द्या तशीच. मी माझ्या घरात ठेवीन. दार लावून ठेवीन."

मोहिनीबाईंनी त्यांच्या हातांवरून लडी काढून घेतली. चार ठिकाणी बांधली. बादलीत कोमट पाणी काढलं, रिठे टाकले. भागीबाई बाथरूमच्या दाराशी उभं राहून बघत होत्या. पाणी राखाडी झालं, मग तपकिरी, मग त्यावर बारीक फेस आला. तिसऱ्या पाण्याला काही निघालं नाही. "झालं," बाई म्हणाल्या. भागीबाई निघून गेल्या होत्या.

लडी बाल्कनीत टांगली, खाली पितळी तांब्या बांधला. पहिल्या दिवशी तांब्या बराच वेळ डावीकडं फिरला, मग उजवीकडं. वळ्या सुटताना असं होतंच. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो चार बोटं खाली आला होता. लोकर सरळ झाली की लांबते. याही गोष्टीला कारण आहे. वाल्मीकराव मात्र ते दोन दिवस पेपर घेऊन जिन्यात बसले.

मैनाला यातलं काही आठवत नाही. हत्ती झाल्याचं आठवतं. हाक मारली की ती पहिल्या हाकेला येते, आणि हर्षाली तिला दिवसातून गरजेपेक्षा जास्त वेळा हाक मारते.

त्या सरळ लोकरीचा बाईंनी मफलर विणला. घाई केली नाही, दहा दिवस घेतले. एकही टाका वर-खाली नाही. तो घेऊन त्या भागीबाईंकडं गेल्या. भागीबाईंनी मफलर नाकाशी नेला, गालाला लावला.

"रिठ्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या, आणि मफलर घडी करून टेबलावर ठेवला. "आता ही कोणाची बी लोकर हे."

दुसऱ्या दिवशी तो गोटीरामच्या गळ्यात होता. सोसायटीनं आठ दिवस गोटीरामवर नजर ठेवली. त्यानं काहीही विशेष केलं नाही. आधीसारखाच तो खुर्चीत पेंगला, आधीसारखंच पाण्याच्या टँकरला गेट उघडायला विसरला. लोकांना हायसं वाटलं आणि थोडी निराशाही झाली.

आता मार्च आहे. दुपारी पारा अडतीसपर्यंत जातो. मोहिनीबाई बाल्कनीत टकळी फिरवत बसतात, आणि संध्याकाळी खालचं बोलणं त्यांना ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी. भागीबाई रोज पाचला किटली आणि बशी घेऊन येतात. गोटीराम चहासाठी बाकावर बसतो. घामानं भिजलेला असतो.

"मावशी, गरम होतंय, काढू का हे?"

"राहू दे. काढू नको." मग बशी पुढं येते. "कपात नाय. बशीत पी. अन् सांग, काल सांगितलं ते. वणीच्या पुढं काय?"

"कळवण."

"मंग?"

"देवळा."

"खांदा सोड जरा. हा नाय, डावा."

गोटीराम सोडतो. चहा चांगला असतो, आणि तो नाही म्हणणारा माणूस नाही. बाईंनी एकदा वरून हाक मारून म्हटलं, "वहिनी, असं होत नसतं." भागीबाईंनी वर पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा बशीत चहा ओतला.

बाईंनी नंतर वाल्मीकरावांना समजावून सांगितलं की धुतलेल्या लोकरीत काही राहत नाही, तिला वळण लावायचं तर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. आधीच्या वेळी त्याला एकोणीस हिवाळे लागले होते. वाल्मीकरावांनी बोटांवर बेरीज केली. भागीबाई बहात्तरच्या आहेत, ते म्हणाले, आणि तब्येत आता बरी आहे.